मधुमेही पायाच्या उपचाराचं सामान : कुठलं पाय वाचवतं, कुठलं नुसती जागा अडवतं

मधुमेहात पाय कापण्याची वेळ येते तेव्हा त्यामागे बहुतेकदा तीन गोष्टी एकत्र आलेल्या असतात. पायाची जाणीव गेलेली असते, रक्त पुरेसं पोचत नसतं आणि जखमेतून शिरलेले जंतू खोलवर गेलेले असतात. या तिन्हींवर आज भरपूर सामान मिळतं : तपासणीची उपकरणं, ड्रेसिंगचे असंख्य प्रकार, व्हॅक्यूम पंप, प्लास्टर, बूट. यातल्या एकेका वस्तूला आम्ही दोनच प्रश्न लावले. हिच्यामुळे उपचाराचा निर्णय बदलतो का? आणि जखमेवरचा भार, तिच्यातला पू किंवा तिची उपासमार (म्हणजे रक्ताची टंचाई) हिच्यामुळे कमी होते का? दोन्हींचं उत्तर नाही आलं, तर वस्तू कितीही नवी असो, आम्ही तिला मागच्या रांगेत ठेवलं आहे.

बोथट सळई : सगळ्यात कमी वापरली जाणारी, सगळ्यात जास्त सांगणारी

सुरुवात इथूनच करायला हवी. निर्जंतुक केलेली, टोकाला बोथट अशी धातूची बारीक सळई, म्हणजे प्रोब. तळपायाची जखम वरून हरभऱ्याएवढी दिसते आणि आत बोटाच्या सांध्यापर्यंत गेलेली असते. ते डोळ्यांना दिसत नाही, सळईला कळतं.

वापरण्याआधी जखमेभोवतीचा घट्टा आणि मेलेली कातडी ब्लेडने काढून टाकायची. हा टप्पा गाळला तर जखमेचं खरं तोंड झाकलेलंच राहतं आणि सळई वरवर फिरून परत येते. मग सलाईनने धुवून सळई अगदी हलक्या हाताने तळाशी न्यायची, प्रत्येक कोपऱ्यात टेकवायची. मऊ, लवचीक लागलं तर ते मांस किंवा स्नायूबंध. टणक, खरखरीत आणि अचानक थांबवणारं लागलं तर ते हाड. जोर लावायचा नाही. जोर लावला की नसलेली वाट तयार होते.

हाड लागलं म्हणजे हाडात जंतुसंसर्ग झालाच, असं नाही. निकाल वाचताना जखम कशी आहे तेही पाहायचं. जखम सुजलेली, पू येणारी, आठवडेच्या आठवडे न भरणारी असेल आणि हाड लागलं, तर हाडाचा संसर्ग गृहीत धरून पुढे जायचं. जखम ताजी आणि उथळ असून हाड लागलं नाही, तर तो संसर्ग नसण्याचीच शक्यता मोठी. जोडीला साधा एक्स-रे आणि ईएसआर (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) हवेतच. ईएसआर ७० मि.मी.च्या वर असेल तर संशय बळावतो. एक्स-रेवर हाड खाल्लेलं दिसायला मात्र दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून पहिल्या दिवशीचा स्वच्छ एक्स-रे पाहून हाड बरं असल्याचं सांगून टाकणं चूक आहे. दोन-तीन आठवड्यांनी तो पुन्हा काढावा. इतकं करूनही चित्र स्पष्ट होत नसेल तेव्हाच एमआरआय कामाचा. बोट सॉसेजसारखं एकसारखं लाल आणि फुगलेलं दिसलं, तर जखम केवढीही असो, खालच्या हाडाकडे पाहायलाच हवं.

सळईचं आणखी एक काम आहे, ते फार थोडे लोक करतात. ती चवड्याकडून टाचेच्या दिशेने सहज आत सरकत असेल, तर पू स्नायूबंधाच्या आवरणातून वर चढतो आहे. अशा वेळी तळपाय टाचेकडून जखमेकडे दाबत आणावा. तोंडाशी पू आला की ड्रेसिंगचा विषय संपला, शस्त्रक्रियेचा सुरू झाला.

कापसाची काडी : जवळजवळ बाद

जखमेवरून काडी फिरवून कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीला, पाठवणं सोपं आहे, म्हणूनच ते सगळीकडे चालतं. अडचण अशी की वरच्या थरात त्वचेचे आणि आसपासचे जंतू वसलेलेच असतात. काडी त्यांना उचलते, आत खरा त्रास देणारा जंतू सुटतो. अहवालात चार-पाच नावं येतात आणि त्या सगळ्यांना पुरेल असं तगडं प्रतिजैविक लिहिलं जातं.

तिच्याऐवजी क्युरेट (खरवडायचा छोटा धारदार चमचा) किंवा ब्लेड घ्यावं. आधी जखम धुवायची, मेलेला भाग काढायचा, मग तळाचं जिवंत ऊतक खरवडून निर्जंतुक डबीत घालायचं आणि पहिला डोस देण्याआधी पाठवायचं. हाडाचा संसर्ग असेल तर हाडाचाच तुकडा पाठवलेला उत्तम. आणि ज्या जखमेत संसर्गाची लक्षणं नाहीत तिचं कल्चर करूच नये. उघड्या जखमेत जंतू सापडणारच. ते सापडले म्हणून औषध सुरू करणं म्हणजे गरज नसताना प्रतिकारक जंतू तयार करणं.

संसर्ग आहे की नाही हे ठरवतं तपासणारं डोळस माणूस, प्रयोगशाळा नव्हे. सूज किंवा कडकपणा, जखमेच्या कडेपासून अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त लाली, दुखणं किंवा दाबल्यावर कळ, उष्णता आणि पू, या पाचांपैकी किमान दोन हवीत, आणि त्यांना गाऊट, मार किंवा शिरेतली गुठळी असं दुसरं कारण नको. लाली दोन सेंटिमीटरच्या आत आणि संसर्ग फक्त त्वचेपुरता असेल तर तो सौम्य. लाली त्यापुढे गेली, किंवा संसर्ग स्नायूबंध, सांधा, हाड यांत उतरला, तर मध्यम. आणि ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर किंवा शरीर ३६ च्या खाली, नाडी ९० च्या वर, श्वास मिनिटाला २० पेक्षा जास्त, पांढऱ्या पेशी १२,००० च्या वर किंवा ४,००० च्या खाली, यांतली कुठलीही दोन असली की गंभीर. गंभीर संसर्ग म्हणजे त्याच दिवशी रुग्णालय.

ताप नाही म्हणून निर्धास्त राहायची सवय फार महागात पडते. मधुमेहात पायात खोलवर पू साठलेला असूनही अनेकांना ताप येत नाही आणि पांढऱ्या पेशीही वाढत नाहीत. दुखत नाही याचाही दिलासा नको, कारण जाणीवच गेलेली असते. उलट, बधिर पाय एकाएकी दुखायला लागला किंवा काही कारण नसताना साखर चढायला लागली, तर ती धोक्याची खूण समजावी.

मार्कर पेन

एका ओळीत : लालीच्या कडेला रेघ मारा, शेजारी वेळ लिहा. काही तासांनी लाली रेघेच्या बाहेर गेली तर चालू उपचार पुरेसा नाही, मग औषध कितीही भारी असो. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही. तिथे हाताच्या पाठीने उष्णता आणि बोटाने कडकपणा चाचपून रेघ मारावी. हातपायांच्या संसर्गावर लक्ष ठेवायला याहून सरळ साधन नाही.

१० ग्रॅमचा मोनोफिलामेंट

नायलॉनचा तंतू. त्वचेवर काटकोनात टेकवून वाकेपर्यंत दाबला की बरोबर १० ग्रॅमचा दाब पडतो. अंगठ्याचं पोट आणि चवड्याखाली पहिल्या व पाचव्या बोटाच्या हाडाचं टोक, अशा तीन जागा पुरतात. आधी हातावर लावून दाखवा, मग रुग्णाला डोळे मिटायला सांगा. प्रत्येक जागी तीनदा विचारायचं, त्यातल्या एका वेळी तंतू टेकवायचाच नाही. तीनपैकी दोन उत्तरं बरोबर आली तर त्या जागी जाणीव आहे. स्पर्श साधारण दोन सेकंद. तंतू घासायचा नाही, घट्ट्यावर किंवा जखमेवर लावायचा नाही. सर्वात नेहमीची चूक म्हणजे दर वेळी टेकवतानाच "आता लागलं का?" असं विचारणं, रुग्ण आवाजावरून "हो" म्हणतो.

वस्तू म्हणून याचा एक दोष आहे : तंतू थकतो. लागोपाठ दहाएक रुग्ण तपासले की त्याला २४ तास विश्रांती द्यावी, नाहीतर तो कमी दाबाला वाकायला लागतो. वाकडा झालेला तंतू सरळ फेकून द्यावा. गर्दीच्या दवाखान्यात दोन-तीन ठेवून आलटून-पालटून वापरणं बरं. जोडीला १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क अंगठ्याच्या हाडावर टेकवला की कंपनाची जाणीवही कळते.

घरी यातलं काहीच नसलं तरी चालेल. दोन्ही पायांच्या पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या बोटाच्या टोकाला घरच्या माणसाने हलकेच एक-दोन सेकंद बोट टेकवायचं. सहापैकी दोन किंवा जास्त जागी कळलं नाही, तर जाणीव गेली आहे असं धरून पुढची तपासणी करून घ्यावी.

हातातला डॉप्लर आणि बीपीचा पट्टा

डॉप्लर म्हणजे धमनीतल्या रक्तप्रवाहाचा आवाज ऐकवणारं छोटं यंत्र. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब, हा जुना हिशोब. ०.९ च्या खाली आला तर रक्तवाहिनी अरुंद झालेली आहे. मधुमेहात मात्र हा आकडा खोटा दिलासा देतो. घोट्याच्या धमनीच्या भिंतीत कॅल्शियम बसून ती कडक होते, पट्ट्याने दाबलीच जात नाही आणि आकडा १.३ च्या वर जातो. रक्त कमी, आकडा मोठा! म्हणून नुसत्या आकड्यावर समाधान मानू नये. डॉप्लरचा आवाज ऐका : निरोगी धमनीत तीन टप्प्यांचा ठोका येतो, बिघडलेलीत एकसुरी सूऽऽ असा फुंकरीसारखा. आणि शक्य असेल तिथे पायाच्या अंगठ्यावरचा दाब मोजा, कारण बोटांच्या बारीक धमन्यांना कॅल्शियमचा त्रास त्या मानाने कमी असतो.

अंगठ्याचा दाब ३० मि.मी.च्या खाली, घोट्याचा ५० च्या खाली किंवा गुणोत्तर ०.५ पेक्षा कमी असेल, तर रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकाला ताबडतोब दाखवावं. रक्त न पोचणाऱ्या पायावर प्रतिजैविकही पोचत नाही. अशा पायाचं बोट आधी कापलं तर कापलेली जागा भरत नाही, पुढच्या वेळी जास्त कापावं लागतं. फक्त दबलेला पू असेल तर तो वाट पाहत नाही : आधी निचरा, मग लगोलग रक्तप्रवाह.

प्रतिजैविकं

हाही एक विकाऊ माल आहे आणि तो गरजेपेक्षा जास्त खपतो. संसर्गाची लक्षणं नसलेल्या जखमेला ती अजिबात नकोत. त्यांनी जखम लवकर भरतही नाही आणि संसर्ग टळतही नाही. मऊ भागाच्या संसर्गाला एक ते दोन आठवडे पुरतात, जखम उघडी असली तरी. संसर्ग गेला की औषध थांबतं, जखम भरेपर्यंत ते चालवायचं नसतं. हाडाचा संसर्ग आहे आणि हाड काढलं नाही, तर सहा आठवडे. बोट काढल्यावर उरलेल्या हाडाच्या कडेत जंतू सापडले, तर तीन आठवड्यांपर्यंत. जखमेवर लावायच्या प्रतिजैविक मलमांचा संसर्गाच्या उपचारात फायदा दिसलेला नाही.

मध्यम किंवा गंभीर संसर्गात, विशेषतः आत गळू असेल, त्वचेखाली हवा कुरकुरत असेल किंवा कातडी काळी पडत असेल, तर २४ ते ४८ तासांत शस्त्रक्रिया व्हायला हवी. आधी चार दिवस इंजेक्शनं देऊन पाहू, या वाक्यात पुष्कळ पाय गेले आहेत.

ड्रेसिंगचं कपाट

चांदीचं, आयोडीनचं, मधाचं, कोलॅजनचं, फोम, जेल. खोक्यावर प्रत्येकाचे दावे मोठे. जखम लवकर भरते असा ठोस पुरावा यातल्या बहुतेकांच्या मागे नाही. ड्रेसिंगने दोनच कामं करावीत : ओल नेमकी ठेवावी आणि आजूबाजूची कातडी भिजू देऊ नये. जास्त स्राव असेल तर शोषणारं, कोरडी जखम असेल तर ओल देणारं, आणि दोन्हीकडे साधं, न चिकटणारं. एक अपवाद सुक्रोज ऑक्टासल्फेटच्या ड्रेसिंगचा : रक्तपुरवठा थोडा कमी असलेली, संसर्ग नसलेली आणि नीट उपचारानंतरही दोन आठवड्यांत न सुधारणारी जखम असेल, तर ते विचारात घ्यायला जागा आहे.

हायड्रोजन पेरॉक्साइड नव्या पेशीही जाळतो, तो नको. कोमट पाण्यात पाय बुडवून ठेवणं तर नकोच : कातडी फुगते, घड्या पडतात, जंतूंना वाट मिळते, आणि बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळतही नाही. काळी पडलेली, पूर्ण कोरडी, न हलणारी खपली असेल आणि खाली रक्त पोचत नसेल, तर तिला ओलं करू नये. कोरडीच ठेवून आधी रक्तवाहिन्या तपासाव्यात.

जखमेतला स्राव ओढून घेणाऱ्या व्हॅक्यूम पंपाची जागा नेमकी आहे. शस्त्रक्रियेनंतरच्या मोठ्या, स्वच्छ, रक्त नीट पोचणाऱ्या खड्ड्यावर तो चांगला चालतो. पू आणि मेलेलं मांस आत ठेवून वर पंप बसवणं म्हणजे संसर्गावर झाकण घालणं.

कुठलंही ड्रेसिंग असो, दर आठवड्याला लांबी आणि रुंदी मोजून लिहून ठेवा. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आलं नाही तर ड्रेसिंगचा ब्रँड बदलण्यात अर्थ नाही. पुन्हा पहिल्यापासून तपासा : भार निघाला का, हाड लागतंय का, रक्त येतंय का.

टोटल कॉन्टॅक्ट कास्ट : या यादीतली खरी नायिका

तळपायाच्या चवड्याखालची जखम भरत नाही याचं पहिलं कारण म्हणजे माणूस तिच्यावर चालत असतो. दुखत नाही, म्हणून तो लंगडतही नाही. गुडघ्याखालपर्यंतचं, पायाला सगळीकडून नेमकं चिकटून बसणारं हे प्लास्टर भार पूर्ण तळव्यावर आणि पोटरीच्या भिंतीवर वाटून टाकतं. घोटा वाकत नाही, त्यामुळे चवड्याने रेटा देणं बंद होतं. आणि मुख्य म्हणजे ते काढता येत नाही.

हे शेवटचं वाक्य कठोर वाटेल, पण फरक तिथेच पडतो. काढता येणारा वॉकर बूट तेवढाच भार कमी करतो, पण लोक तो घरात घालत नाहीत. अमेरिकेत २००३ साली छापलेल्या एका अभ्यासात पावलं मोजणारी यंत्रं बसवून पाहिलं, तेव्हा रुग्णांनी काढता येणारा बूट दिवसभरातल्या हालचालीच्या फक्त २८ टक्के वेळ घातलेला होता. बाकीचा वेळ जखम फरशीवर. म्हणून प्लास्टर घालणारा प्रशिक्षित हात नसेल, तर त्याच वॉकरवर फायबरग्लास किंवा चिकट बँडेजचे वेढे देऊन तो न निघणारा करणं हा उत्तम पर्याय आहे.

प्लास्टर करताना बोटांच्या मध्ये कापूस, घोट्याच्या दोन्ही हाडांवर आणि नडगीवर फेल्ट (जाड मऊ नमदा), जखमेवर पातळ ड्रेसिंग, घोटा काटकोनात. पहिला थर जवळजवळ अस्तराविना, सुरकुती न पडू देता हाताने घडवायचा. इथे एक घडी राहिली तर आठवड्याने दुसरी जखम तयार. पहिलं प्लास्टर ४८ ते ७२ तासांत बदलायचं, कारण सूज उतरून ते सैल होतं आणि सैल प्लास्टर घासतं. त्यानंतर आठवड्याला एकदा. दुसऱ्या पायाच्या चपलेला तेवढीच उंची द्यावी, नाहीतर कंबर धरते आणि तोल जातो. ताप, दुर्गंधी, जांघेत गाठ, साखर अचानक चढणं, प्लास्टर ओलं होणं किंवा आत पाय हलणं, यांपैकी काहीही झालं तर तारीख येण्याची वाट न पाहता ते उघडायचं.

मर्यादाही स्पष्ट आहेत. गंभीर संसर्ग किंवा गंभीर रक्तटंचाई असताना न निघणारं प्लास्टर घालू नये. आधी तो संसर्ग किंवा ती टंचाई दूर करायची. दोन्ही सौम्य प्रमाणात एकत्र असतील, किंवा दोन्हींपैकी एक मध्यम असेल, तर काढता येणारा उंच बूट बरा, कारण जखम रोज पाहावी लागते. तोल नसलेल्या किंवा दृष्टी फार कमी असलेल्या माणसाला प्लास्टर घालताना दोनदा विचार करावा. चवड्याला कापलेला, मागे टाचेवर चालायला लावणारा सँडल आम्हाला पटत नाही. बधिर पायाचा माणूस त्यावर पडतो.

जखम भरल्यावर : चप्पल आणि थर्मामीटर

भरलेल्या जखमांपैकी साधारण ४० टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, म्हणून खरी पारख इथे आहे. बुटाची आतली लांबी पायापेक्षा एक ते दोन सेंटिमीटर जास्त हवी आणि रुंदी चवड्याच्या सर्वांत रुंद भागाएवढी. माप संध्याकाळी, उभं राहून, दोन्ही पायांचं घ्यावं. बधिर पायाला घट्ट बूटच "नीट बसतो" असं वाटतं, त्यामुळे रुग्णाच्या पसंतीवर माप सोडू नये. आत शिवण नको. मायक्रोसेल्युलर रबराचा थर चांगला, पण तो दबून चपटा होतो. अंगठ्याने दाबल्यावर उसळला नाही की बदलावा. नवी जोडी पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घालून, काढून, लाल ठिपका आहे का ते पाहावं.

त्वचेचं तापमान मोजणारा इन्फ्रारेड थर्मामीटर हे दिसायला खेळणं, पण कामाची वस्तू. दोन्ही पायांवर त्याच त्या जागा रोज मोजायच्या. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसने जास्त गरम, तीही सलग दोन दिवस, तर चालणं कमी करून पाय दाखवावा. कातडी फुटण्याआधीची दाहाची खूण तो पकडतो. कपाळाचा ताप मोजणारे सगळेच थर्मामीटर यासाठी चालत नाहीत; त्वचेचं तापमान दाखवणाराच घ्यावा.

त्याचा दुसरा उपयोग कमी माहीत आहे. पाय गरम, सुजलेला, लाल, पण जखम कुठेच नाही, अशा पायाला संसर्ग समजून प्रतिजैविक सुरू केलं जातं. बधिर पायात हा शार्को, म्हणजे पायाची हाडं आणि सांधे ढासळवणारा आजार, असण्याची शक्यता आधी तपासावी. पाय काही मिनिटं वर धरून ठेवला की शार्कोची लाली बरीच उतरते, संसर्गाची तशी उतरत नाही. शार्कोत हाडं आतून मोडत असतात आणि पहिल्या दिवसांत एक्स-रे साफ दिसू शकतो. म्हणून संशय असला तरी पाय लगेच प्लास्टरमध्ये घालावा आणि दोन पायांच्या तापमानातला फरक ओसरेपर्यंत त्यावर भार देऊ नये.